अनुवादित कादंबरीची पहिली आवृत्ती कशी ओळखावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या पश्चात कपाट आवरताना गाब्रिएल गार्सिया मार्केज यांच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' या कादंबरीची, न्यूयॉर्कच्या हार्पर अँड रो या प्रकाशनाने १९७० साली काढलेली इंग्रजी प्रत हाती लागली. कॉपीराइटच्या पानावर 'फर्स्ट एडिशन' असे छापलेले आहे. जॅकेट, म्हणजे पुठ्ठ्यावर घातलेले सुटे कागदी वेष्टन, शाबूत आहे, मात्र त्याच्या आत दुमडलेल्या पट्टीवरचा किंमतीचा कोपरा कोणीतरी कात्रीने कापून टाकला आहे. मूळ स्पॅनिश कादंबरी १९६७ ची असताना या प्रतीला 'पहिली आवृत्ती' म्हणता येईल का, आणि येत असेल तर खात्री कशी करावी?

जुनी इंग्रजी पुस्तके घेणे आणि विकणे हा गेली तीसेक वर्षे माझा व्यवसाय आहे आणि त्यातही अनुवादित कादंबऱ्या हा माझा विशेष जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो. अनुवादाच्या बाबतीत 'ही पहिली आहे का' हे विचारण्याआधी 'कुठली पहिली' हे ठरवावे लागते. मूळ भाषेतली पहिली आवृत्ती एक, एखाद्या भाषेतल्या अनुवादाची पहिली आवृत्ती दुसरी, आणि तोच अनुवाद दोन देशांत दोन प्रकाशकांनी काढला असेल तर त्या त्या देशातली पहिली आवृत्ती तिसरी. तिन्हींना संग्राहक आहेत आणि तिन्हींच्या किंमतीत मोठी तफावत असते. विकणारा नुसते 'फर्स्ट एडिशन' म्हणत असेल तर त्याने यांपैकी कुठली ते स्पष्ट लिहावे, असा आग्रह घेणाऱ्याने धरला पाहिजे.

याच कादंबरीचे उदाहरण घेऊ. मूळ 'सिएन आन्योस दे सोलेदाद' ब्वेनोस आइरेसच्या एदितोरियाल सुदामेरिकाना या प्रकाशनाने काढली. पुस्तकाच्या शेवटी असलेल्या मुद्रणनोंदीत छपाई ३० मे १९६७ रोजी पूर्ण झाल्याचे म्हटले आहे, आणि त्या छपाईत ८,००० प्रती निघाल्या. मुखपृष्ठासाठी व्हिसेंते रोहो या चित्रकाराला सांगितले होते, पण त्याचे काम वेळेत पोचले नाही, म्हणून पहिल्या छपाईवर ईरिस पागानो हिने केलेले, जंगलात अडकलेल्या गलबताचे चित्र आले. रोहोचे मुखपृष्ठ पुढच्या छपाईपासून सुरू झाले. 'सोलेदाद' या शब्दातले रोमन 'ई' त्यावर उलटे काढलेले आहे आणि तेच पुढे इतके प्रसिद्ध झाले की आजही कित्येक जण उलट्या 'ई'ची प्रत पहिली समजून विकत घेतात. गलबताच्या प्रतीला किती मोल आहे याचा अंदाज एका घटनेवरून यावा. २०१५ साली बोगोटाच्या पुस्तकजत्रेत काचेच्या कपाटात ठेवलेली, लेखकाची स्वाक्षरी असलेली अशी एक प्रत चोरीला गेली, तेव्हा पोलिसांनी तिचा शोध घेऊन काही दिवसांतच ती परत मिळवली.

तुमची प्रत अर्थातच ही नव्हे. ती ग्रेगरी रबासा यांच्या इंग्रजी अनुवादाची आहे. हाच अनुवाद १९७० मध्येच लंडनच्या जोनाथन केपनेही काढला, त्यामुळे हार्परच्या प्रतीला 'पहिली अमेरिकी आवृत्ती' आणि केपच्या प्रतीला 'पहिली ब्रिटिश आवृत्ती' म्हणावे. माझ्या मते अनुवादाची पहिली आवृत्ती ही मूळ कादंबरीची दुय्यम सावली नव्हे. इंग्रजी वाचणाऱ्या जगाने आणि भारतातल्या बहुसंख्य वाचकांनी मार्केज वाचले ते रबासांच्या वाक्यांतून, आणि ती वाक्ये पुस्तकरूपाने प्रथम छापली गेली ती या १९७० च्या प्रतींतच. म्हणून तुमच्या प्रतीला 'पहिली' म्हणण्यात गैर काही नाही. आता ती पहिल्या मुद्रणातली आहे का, हे पाहायचे.

येथे आवृत्ती आणि मुद्रण यांतला फरक ध्यानात ठेवावा. मराठी वाचकाला तो नवा नाही, कारण आपल्याकडचे चांगले प्रकाशक 'पहिली आवृत्ती' आणि त्याखाली 'पुनर्मुद्रण' अशा नोंदी महिन्यासह वेगवेगळ्या देतात. इंग्रजी पुस्तकबाजारात मात्र संग्राहक 'फर्स्ट एडिशन' म्हणतो तेव्हा त्याला पहिल्या आवृत्तीचे पहिले मुद्रणच अभिप्रेत असते. छापलेले शब्द हा त्याचा पुरेसा पुरावा नाही, कारण कित्येक अमेरिकी प्रकाशकांकडे पुढच्या छपायांतही ते शब्द तसेच राहून जात. म्हणून शब्दांबरोबर आकड्यांची ओळ पाहावी. १ ते १० असे आकडे एका ओळीत छापलेले असतात, प्रत्येक नव्या छपाईच्या वेळी त्यातला सर्वांत लहान आकडा काढून टाकतात, आणि उरलेल्यांतला सर्वांत लहान आकडा म्हणजे त्या प्रतीचे मुद्रण. हार्परकडे सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात ही ओळ कॉपीराइटच्या पानावर न छापता पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानाच्या तळाशी छापण्याची रीत होती, आणि तिथे कोणी पाहत नाही. तुम्ही आधी ते शेवटचे पान उघडा. तिथे ओळ असेल आणि तिच्यातला सर्वांत लहान आकडा ३ किंवा ४ असेल, तर पुढे 'फर्स्ट एडिशन' कितीही ठळक छापलेले असले तरी ती तिसऱ्या किंवा चौथ्या मुद्रणाची प्रत होय.

त्यानंतर जॅकेट. या आवृत्तीच्या जॅकेटच्या पुढच्या आतल्या पट्टीवर कादंबरीची ओळख करून देणारा मजकूर आहे. त्यातल्या पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी उद्गारचिन्ह असेल तर ते आधीचे जॅकेट आणि पूर्णविराम असेल तर नंतरचे, असे या व्यवसायात फार पूर्वीपासून मानले जाते. माझ्याकडे एकदा या पुस्तकाच्या दोन प्रती एकाच आठवड्यात आल्या होत्या. खिडकीपाशी टेबलावर दोन्ही जॅकेटे शेजारी शेजारी पसरून ठेवली तर चित्र, रंग, अक्षरे, मागचा मजकूर, सगळे जुळ्या भावंडांसारखे, आणि पट्टीवर बोट फिरवत त्या परिच्छेदाच्या शेवटाशी आलो तेव्हा एकीवर उभी बारीक रेघ आणि तिच्याखाली टिंब, दुसरीवर नुसतेच टिंब. त्या एका रेघेने दोन प्रतींच्या किंमतीत काही पटींचा फरक पडला.

मात्र जॅकेट ही सुटी वस्तू आहे हे कधीही विसरू नये. नंतरच्या मुद्रणाच्या पुस्तकावर आधीचे जॅकेट चढवणे हा या व्यापारातला सर्वांत जुना आणि सर्वांत त्रासदायक प्रकार आहे. काही वेळा ते अजाणता घडते, घरात दोन प्रती असतात आणि आवरताना जॅकेटे बदलतात. काही वेळा ते जाणूनबुजून केलेले असते. मी व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका परदेशी विक्रेत्याकडून पत्रव्यवहारावर अशीच एक प्रत घेतली होती. जॅकेट निर्दोष होते, पण पुस्तकाच्या कापडी पाठीचा रंग उन्हाने उडालेला आणि जॅकेटची पाठ मात्र ताजी, तेव्हाच शंका यायला हवी होती. जे पुस्तक वर्षानुवर्षे त्या जॅकेटात राहिले, त्याचा रंग जॅकेटच्या आत उडणार कसा? पुढे शेवटचे पान पाहिले तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून मी जॅकेट आणि पुस्तक यांची झीज एकमेकांशी जुळते का, डाग एकाच ठिकाणी आहेत का, वाळवीचे किंवा झुरळाचे कुरतडणे दोन्हींवर सलग दिसते का, हे पाहिल्याशिवाय प्रत घेत नाही.

तुमच्या प्रतीचा कापलेला कोपरा हा नुसता देखणेपणाचा प्रश्न नाही. या आवृत्तीच्या जॅकेटवर ७.९५ डॉलर अशी किंमत होती, आणि भेट देताना किंमत दिसू नये म्हणून लोक तो कोपरा कापत असत, तेवढेच असेल तर विशेष काळजी नाही. अडचण अशी की अमेरिकेतल्या बुक क्लबांनी आपल्या सभासदांसाठी स्वस्तात काढलेल्या प्रतींच्या जॅकेटवर किंमतच नसे, आणि कोपरा कापला की हा फरक सांगणारी खूण नाहीशी होते. अशा वेळी पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याचा खालचा, पाठीजवळचा कोपरा पाहावा. बुक क्लबच्या प्रतींवर तिथे पुष्कळदा शाईविना दाबून उमटवलेला लहानसा ठसा असतो, कधी गोल, कधी चौकोनी. समोरून प्रकाश टाकला तर तो दिसत नाही, म्हणून टेबलावरचा दिवा खाली आणून पुठ्ठ्यावर तिरपा उजेड पाडावा आणि बोटाच्या टोकाने चाचपावे. त्याखेरीज कागद पातळ असणे, पुस्तक वजनाला हलके लागणे, आकार किंचित लहान असणे ही लक्षणे आहेत. काही बुक क्लब प्रतींत कॉपीराइटचे पान मूळ प्रकाशकाच्याच छपाईच्या प्लेटांवरून छापलेले असते आणि त्यामुळे त्यांवरही 'फर्स्ट एडिशन' हे शब्द येतात, हे मुद्दाम सांगतो.

भारतात या कादंबरीच्या ज्या प्रती रद्दीत आणि पदपथावर मिळतात त्या बहुतेक पेंग्विनच्या १९७२ नंतरच्या किंवा पिकाडोरच्या १९७८ नंतरच्या पेपरबॅक असतात. त्यांच्या कॉपीराइटच्या पानावर सुरुवातीलाच 'जोनाथन केप १९७०' अशी ओळ असते आणि घाईत तीच वाचून लोक मला दूरध्वनी करतात. ती ओळ अनुवाद ब्रिटनमध्ये प्रथम कधी आला ते सांगते, हातातली प्रत कधी छापली ते तिच्या खालच्या ओळींत असते. कॉपीराइटचे पान नेहमी खालून वर वाचावे.

इतर प्रकाशकांच्या रीती वेगवेगळ्या आहेत आणि त्या पाठ करण्याला पर्याय नाही. आल्फ्रेड नॉफ हे परदेशी पुस्तकावर 'फर्स्ट अमेरिकन एडिशन' असे छापतात, जसे एडिथ ग्रॉसमन यांनी अनुवादलेल्या 'लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा'वर १९८८ साली. रँडम हाउसकडे बरीच वर्षे 'फर्स्ट एडिशन' हे शब्द आणि २ पासून सुरू होणारी आकड्यांची ओळ, दोन्ही असतील तरच पहिले मुद्रण मानायचे, कारण दुसऱ्या छपाईत आकडा तोच ठेवून शब्द काढले जात. नवशिका २ पाहून पुस्तक खाली ठेवतो आणि जाणकार ते उचलतो. हारकोर्ट ब्रेस योवानोविचने आकड्यांऐवजी अक्षरे वापरली. विल्यम वीव्हर यांनी अनुवादलेल्या उंबेर्तो एको यांच्या 'द नेम ऑफ द रोझ'च्या १९८३ च्या आवृत्तीत 'फर्स्ट एडिशन' या शब्दांनंतर अक्षरांची ओळ 'बी'पासून सुरू होते, कारण 'ए'ची जागा ते शब्दच घेतात.

फ्रेंच पुस्तकांची गोष्ट आणखी निराळी. आल्बेर काम्यू यांची 'लेत्रांजे' गालिमारने १९४२ साली छापली तेव्हा पहिल्या छपाईच्या ४,४०० प्रती निघाल्या, पण पुस्तक जोरात खपते आहे असे दिसावे म्हणून त्यातल्या पुष्कळ प्रतींच्या मुखपृष्ठावर पुढच्या आवृत्तींचे काल्पनिक क्रमांक छापले गेले. फ्रान्समध्ये ती त्या काळी सर्रास रीत होती. म्हणजे मुखपृष्ठावर पुढच्या आवृत्तीचा क्रमांक असलेली प्रतही पहिल्याच छपाईची असू शकते, आणि ते ठरवायला शेवटच्या मुद्रणनोंदीतली तारीखच पाहावी लागते. क्रमांक नसलेल्या प्रतीला अर्थात जास्त मागणी आहे. इंग्रजीत हीच कादंबरी स्टुअर्ट गिल्बर्ट यांच्या अनुवादात १९४६ साली दोन नावांनी आली. लंडनला हॅमिश हॅमिल्टनने सिरिल कॉनली यांच्या प्रस्तावनेसह 'दि आउटसायडर' म्हणून काढली आणि न्यूयॉर्कला नॉफने 'द स्ट्रेंजर' म्हणून. नावे दोन असल्याने ही दोन वेगळी भाषांतरे आहेत असे समजणारे मला दरवर्षी भेटतात.

आता ज्या भागात मला सर्वांत जास्त रस आहे त्याकडे येतो. काही कादंबऱ्यांची जगातली पहिली आवृत्ती हीच अनुवादाची आहे. बोरिस पास्तरनाक यांची 'डॉक्टर झिवागो' सोव्हिएत संघात छापता आली नाही. हस्तलिखित मिलानच्या फेल्त्रिनेल्ली प्रकाशनाकडे पोचले आणि नोव्हेंबर १९५७ मध्ये प्येत्रो झ्वेतेरेमिच यांचा इटालियन अनुवाद बाहेर पडला. ही कादंबरी छापील रूपात जगासमोर आली ती अशी, इटालियनमध्ये. रशियन मजकूर पुस्तकरूपाने आला तो १९५८ मध्ये, हेग येथे छापलेल्या निळ्या कापडी बांधणीच्या प्रतींत. त्यामागे अमेरिकी गुप्तचर संस्था होती, आणि ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात आलेल्या सोव्हिएत नागरिकांच्या हाती त्या प्रती देण्यात आल्या. मॅक्स हेवर्ड आणि मान्या हरारी यांचा इंग्रजी अनुवाद लंडनच्या कॉलिन्स अँड हार्विलने सप्टेंबर १९५८ मध्ये काढला आणि मागणी इतकी होती की पुनर्मुद्रणे त्याच महिन्यात सुरू झाली. त्यामुळे 'सप्टेंबर १९५८' ही तारीख दिसली म्हणून थांबू नये, तिच्याखाली दुसऱ्या, तिसऱ्या मुद्रणाची ओळ नाही ना ते पाहावे. मिलान कुंदेरा यांच्या 'दि अनबेअरेबल लाइटनेस ऑफ बीइंग'चेही तसेच आहे. फ्रेंच अनुवाद गालिमारने १९८४ साली काढला, मायकेल हेन्री हाइम यांचा इंग्रजी अनुवादही त्याच वर्षी आला, आणि मूळ चेक मजकूर १९८५ मध्ये, तोही टोरांटोच्या एका निर्वासित चेक प्रकाशनाकडून. या कादंबरीची चेक प्रत 'मूळ भाषेतली पहिली' म्हणून शोधणारा संग्राहक आणि फ्रेंच प्रत 'जगातली पहिली' म्हणून शोधणारा संग्राहक, दोघेही बरोबर आहेत.

कुंदेरांच्याच 'द जोक'ने आणखी एक पेच दाखवून दिला. तिचा पहिला इंग्रजी अनुवाद लंडनला १९६९ मध्ये आला तेव्हा त्यात प्रकरणांची मोडतोड केलेली पाहून लेखकाने जाहीर निषेध केला, पुढे १९८२ मध्ये हाइम यांचा नवा अनुवाद आला आणि १९९२ मध्ये लेखकाने स्वतः तपासलेली, अंतिम म्हणून मान्य केलेली आवृत्ती निघाली. या तिन्हींची 'पहिली आवृत्ती' असते. म्हणून अनुवादित पुस्तक हाती घेतल्यावर मी शीर्षकपानावरचे अनुवादकाचे नाव आधी वाचतो आणि मग कॉपीराइटच्या पानावरचे अनुवादाच्या हक्काचे वर्ष त्याच्याशी ताडून पाहतो. नवा अनुवाद असेल तर 'फर्स्ट एडिशन' हे शब्द खरे असूनही संग्राहकाला हवे ते पुस्तक ते नसते.

याच सवयीमुळे हारुकी मुराकामी यांचे जुने इंग्रजी अनुवाद माझ्या नजरेला पडले. 'नॉर्वेजियन वुड'चा इंग्रजी अनुवाद २००० साली लंडनला जे रूबिन यांच्या नावाने आला. हार्विलने तो सोनेरी डबीत घातलेल्या लाल आणि हिरव्या अशा दोन चिमुकल्या पुस्तकांत काढला होता आणि ती डबीही आज संग्राह्य आहे. पण त्याच्या अकरा वर्षे आधी, १९८९ मध्ये, जपानमध्येच इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी कोदान्शाच्या 'इंग्लिश लायब्ररी' मालेत आल्फ्रेड बर्नबॉम यांचा अनुवाद निघाला होता. खिशात मावणारी, शेवटी जपानीत शब्दार्थ दिलेली ही पुस्तके जपानबाहेर विकायची नव्हती. 'पिनबॉल, १९७३' (१९८५) आणि 'हिअर द विंड सिंग' (१९८७) याच मालेतली. ही पुस्तके अनेकदा पुन्हा छापली गेली, तेव्हा नुसती मालिका ओळखून भागत नाही. जपानी रीतीप्रमाणे मुद्रणाची सर्व माहिती पुस्तकाच्या शेवटच्या पानावर असते आणि तिथे पहिल्या छपाईच्या तारखेखाली हातातल्या प्रतीची छपाई कितवी हे स्वतंत्र ओळीत दिलेले असते. जपानी वाचता येत नसेल तर त्या पानाचे छायाचित्र वाचू शकणाऱ्याला दाखवावे, अंदाजाने पैसे मोजू नयेत.

आपल्या मराठी कादंबऱ्यांच्या इंग्रजी अनुवादांकडे अजून फारसे कोणी संग्राहकाच्या नजरेने पाहत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. किरण नगरकर यांची 'सात सक्कं त्रेचाळीस' मौजेने १९७४ साली काढली. तिचा शुभा स्ली यांनी केलेला अनुवाद, 'सेव्हन सिक्सेस आर फॉर्टी-थ्री', प्रथम निघाला तो १९८० मध्ये, ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंड विद्यापीठाच्या प्रकाशनाकडून. मुंबईची कादंबरी आणि तिच्या इंग्रजी अनुवादाची पहिली आवृत्ती ब्रिस्बेनची, त्यामुळे भारतात ती क्वचितच दिसते. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' राम देशमुख यांच्या अनुवादात 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' या नावाने आशिया पब्लिशिंग हाउसने १९५८ साली मुंबईत काढली. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ च्या 'कोसला'चा सुधाकर मराठे यांनी केलेला 'ककून' हा अनुवाद मॅकमिलन इंडियाने १९९७ साली काढला. या पुस्तकांच्या प्रती ग्रंथालयांनी बाद करून रद्दीत घातलेल्या मी पाहिल्या आहेत. शिक्के, चिकटवलेला खिसा आणि तारखांची चिठ्ठी असलेली प्रत एरवी संग्राहक नाकारतो, पण जिथे दुसरी प्रत मिळतच नाही तिथे ती घ्यावी, आणि तो खिसा उखडण्याच्या भानगडीत अजिबात पडू नये.

अलीकडच्या अनुवादांबाबत एवढेच लक्षात ठेवावे की पहिली आवृत्ती पुठ्ठाबांधणीचीच असते हा समज आता चालत नाही. गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि'चा डेझी रॉकवेल यांनी केलेला अनुवाद, 'टूम ऑफ सँड', ब्रिटनमध्ये टिल्टेड ॲक्सिसने २०२१ साली पेपरबॅक म्हणूनच प्रथम काढला. २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाल्यावर निघालेल्या प्रतींच्या मुखपृष्ठावर पुरस्काराचा उल्लेख आहे. तो उल्लेख छापील असेल तर प्रत उघडच नंतरची, पण चिकटवलेला असेल तर दुकानदाराने आधीच्या छपाईच्या प्रतीवरही तो लावलेला असू शकतो, म्हणून आत पाहूनच ठरवावे.

तुमच्या प्रतीबद्दल नक्की मत देण्यासाठी मला पाच छायाचित्रे पुरतील: शीर्षकपान, कॉपीराइटचे पूर्ण पान, शेवटच्या छापील पानाचा तळ, जॅकेटच्या पुढच्या पट्टीवरचा पहिला परिच्छेद, आणि तिरप्या उजेडात घेतलेला मागच्या पुठ्ठ्याचा खालचा कोपरा. वडिलांनी आत नाव किंवा तारीख लिहिली असेल तर ती खोडू नका. जॅकेट फाटले असल्यास त्याला चिकटपट्टी लावू नका, तिचा डाग पुढे कधीच निघत नाही. पावसाळा सुरू होण्याआधी जॅकेटला पारदर्शक पॉलिस्टरचे वेष्टन घाला आणि पुस्तक भिंतीला टेकलेल्या कप्प्यातून काढून हवा खेळेल अशा जागी उभे ठेवा.